तंजावरचे जोते वाचावे

कावेरीच्या खोऱ्यात तंजावरला पोहोचलेला यात्रेकरू आधी मान वर करतो, आणि ते साहजिकच आहे. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्णत्वाला नेलेल्या बृहदीश्वर मंदिराचे विमान, म्हणजे गर्भगृहावरचे शिखर, सुमारे 60 मीटर उंच आहे. ते सगळे ग्रॅनाइटचे, आणि उभे मात्र गाळाच्या सपाट मुलखात. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे इथे हमखास ऐकवले जाते. ती पडते. माथ्यावरचा घुमटही एकाच दगडाचा नाही, अनेक तुकड्यांचा आहे. अशा चमत्कारकथांच्या नादात खरा विस्मय मात्र नजरेआड राहतो. तो आहे खाली, जोत्यावर कोरलेल्या तमिळ लेखांत.

आपण, आपली बहीण कुंदवै, राण्या आणि इतरांनी देवाला जे जे दिले ते या दगडावर कोरावे, असा राजराजाचा हुकूमच तिथे नोंदलेला आहे. म्हणून चोळदेशातल्या देवळांमधून आणलेल्या 400 नर्तकींची नावे आज आपल्याला माहीत आहेत. प्रत्येकीचे मूळ देऊळ कोणते, तिचे घर कोणत्या आळीत कितवे, आणि वर्षाला 100 कलम (धान्याचे एक माप) भाताचा वाटा, सारे लिहिलेले आहे. एक नंदादीप अखंड तेवावा म्हणून 96 मेंढ्या मेंढपाळाकडे सोपवायच्या आणि त्याने रोज ठरल्या मापाचे तूप आणून द्यायचे. देवाची रक्कम गावसभांना साडेबारा टक्के व्याजाने दिली जाई आणि त्या व्याजावर पूजाअर्चा चाले. हजार वर्षांपूर्वीचे देऊळ नेमके कसे चालत होते, हे इतक्या बारकाईने सांगणाऱ्या वास्तू फार थोड्या आहेत.

दर्शनाला आलेल्या भाविकाने हिशेब कशाला वाचावा, असे कुणी विचारेल. पण हा हिशेब गर्भगृह पोटात घेतलेल्या विमानावरच कोरला आहे. कोरवून घेणाऱ्यांना भक्ती आणि व्यवहार वेगळे वाटले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राजाने लिहवलेले लेख म्हणजे राजाचीच स्तुती. ते खरेच आहे. दानातले काही सोने चेर आणि पांड्य राजांना हरवून मिळवलेले, आणि लेख ते अभिमानाने सांगतात. त्या 400 जणींना काय वाटत होते, याबद्दल एक अक्षर नाही. तरीही त्यांची नावे उरली, ती याच दगडामुळे. पुढच्या राजवटींनीही हा रिवाज सोडला नाही. प्राकाराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवला, तोही मराठीत. मूळ चोळ मंदिरावरचे ते उपरे ओझे मानायचे, तर नंतर उभे राहिलेले देवीचे आणि सुब्रह्मण्याचे मंदिरही उपरेच म्हणावे लागेल.

सहलवाले तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम ही चोळ मंदिरांची तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकतात. तंजावरला निदान एक पूर्ण दिवस हवा, आणि हाती काहीतरी वाचायला हवे. पुरालेखतज्ज्ञ हुल्ट्झ यांनी हे तमिळ लेख इंग्रजी भाषांतरासह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच छापायला सुरुवात केली होती. त्यांतले निवडक लेख मराठीत देणारी छोटी पुस्तिका महाराष्ट्रातून निघणाऱ्या प्रत्येक यात्रा कंपनीने प्रवाशांना द्यावी.