प्रत्येक पेपरात पास, तरी ग्रुपमध्ये नापास : सीएमए परीक्षेचा हिशेब समजून घ्या

निकालाच्या संध्याकाळी आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी तिच्या अब्बांसोबत घरी आली. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, चारही पेपरात चाळीसच्या वर आहेत, तरी फेल लिहिलंय. रिझल्ट चुकलाय का?" गुण होते ४४, ४१, ४७ आणि ४२. अब्बा चाकणला शिफ्टमध्ये काम करतात. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, आता अजून किती खर्च?"

निकाल चुकलेला नव्हता. सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या इंटरमीजिएट परीक्षेत पास होण्याच्या दोन अटी आहेत. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि पूर्ण ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के. ग्रुपमध्ये चार पेपर, म्हणजे ४०० पैकी २०० हवेत. तिची बेरीज १७४ होती. २६ गुण कमी पडले. उलट, तीन पेपरात ७५ आणि एकात ३९ मिळाले, तरीही तो ग्रुप नापासच. ही गोष्ट अभ्यास सुरू करण्याआधी कळायला हवी, निकालाच्या दिवशी नाही.

आपल्या मुलांसाठी ही परीक्षा महत्त्वाची का? पिंपरी, भोसरीपासून चाकणपर्यंत शेकडो कारखाने गाड्यांचे सुटे भाग बनवतात. तिथे एका नगामागे काही पैशांवरून ऑर्डर मिळते किंवा जाते. नगाची खरी किंमत काढणारा माणूस प्रत्येकाला लागतो. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४८ नुसार ठराविक उद्योगांतील मोठ्या कंपन्यांना कॉस्टचे हिशेब ठेवावे लागतात आणि त्यांचे ऑडिट कॉस्ट अकाउंटंटच करतो. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर देऊन या कोर्सला जाता येते. पदवी असेल तर थेट इंटरमीजिएट. इंटर आणि फायनल, दोन्हीकडे आठ-आठ पेपर. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये.

आता अभ्यासाचं बोलू. मुलं सोडवलेली गणितं वाचतात आणि "समजलं" म्हणतात. मी त्या मुलीला एक साधं गणित दिलं. १०० किलो लोखंड ७० रुपये किलोने आणलं. कामात नेहमीप्रमाणे १० किलो वाया जातं, ते भंगारात २५ रुपये किलोने विकलं. चांगल्या मालाची किलोमागे किंमत किती? तिने ७,००० ला ९० ने भागलं. अब्बा लगेच म्हणाले, "अगं, भंगाराचे पैसे?" बरोबर! ७,००० मधून २५० वजा, उरले ६,७५०. त्याला ९० ने भागलं की ७५ रुपये. पुस्तकात यालाच नॉर्मल लॉस म्हणतात. जे घरात माहीत होतं, ते वहीत उतरत नव्हतं.

दुसरी अडचण भाषेची. पेपर मराठीत नाही, उर्दूतही नाही. म्हणून एक वही करा. उर्दूत लागत, मराठीत परिव्यय, पेपरात कॉस्ट. वरकड खर्च म्हणजे ओव्हरहेड. समजून घ्या आपल्या भाषेत, पण उत्तर पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहा. कायद्याच्या पेपरात लहान, सरळ वाक्यं पुरतात.

तिसरी गोष्ट वेळ. तीन तासांत १०० गुण, म्हणजे १४ गुणांच्या प्रश्नाला २५ मिनिटं. घड्याळ लावूनच सराव करा. संस्थेचं अभ्याससाहित्य, मागच्या पेपरांची उत्तरं आणि सराव पेपर तिच्या वेबसाईटवर मोफत मिळतात. पिंपरी-चिंचवड-आकुर्डी असं संस्थेचं चॅप्टरही आपल्याकडे आहे, तिथे चौकशी करा. करांच्या पेपरासाठी मात्र जुनं पुस्तक कुणाकडून घेऊ नका. कायदा बदलतो, आपल्या परीक्षेला कोणत्या वर्षाच्या तरतुदी लागू आहेत ते आधी पाहा.

मग ते २६ गुण आणायचे कुठून? चारही पेपर थोडे थोडे वर ढकलण्यापेक्षा जो हातातला आहे तो साठच्या पुढे न्या. तिच्यासाठी तो कॉस्टचा, ४७ वाला. तिथे ६५ आले तर १८ गुण तिथेच मिळाले, उरलेले ८ तीन पेपरांत मिळून. आणि ग्रुप राहिला तरी ६० किंवा त्याहून जास्त गुणांच्या पेपरात पुढच्या वेळी सूट मिळते.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. पुन्हा परीक्षेची फी आणि सहा महिने, एवढा खर्च आहे. नवा महागडा क्लास लावायची घाई करू नका. पालकांना हिशेबाचं शास्त्र येत नसेल तरी चालेल. रोज रात्री वही मागा आणि विचारा, "आज किती गणितं न बघता पूर्ण केलीस?"