ऑनलाइन ओळखीचे शिष्टाचार

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस.टी. नांदगाव खंडेश्वरला थांबते. शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलेला अनोळखी प्रवासी पहिला प्रश्न विचारतो, तो ठरलेला असतो : ‘कोन्या गावचे जी तुम्ही?’ मग गाव निघते, गावातले सोयरे निघतात, पीकपाण्याची चौकशी होते आणि नेर येईपर्यंत दोघांच्याही ओळखीचे एखादे नाव सापडते. या साध्या प्रश्नोत्तरामागे वऱ्हाडातील एक अलिखित रीत आहे. आधी आपण कोण ते सांगायचे, समोरच्याची विचारपूस करायची आणि काही काम असलेच तर ते सर्वांत शेवटी काढायचे.

याच नांदगावचा एखादा पदवीधर तरुण जेव्हा संगणकापुढे किंवा मोबाइल घेऊन बसतो आणि व्यावसायिक ओळखी जुळवून देणाऱ्या संकेतस्थळावर पुण्या-मुंबईतील अधिकाऱ्यांना संदेश धाडू लागतो, तेव्हा मात्र ही रीत तो साफ विसरतो. ‘सर, जॉब असेल तर सांगा’ हे एकच वाक्य तो पन्नास जणांना पाठवतो. उत्तर एकाचेही येत नाही. ‘आपली कुणाशी ओळख नाही, म्हणून आपले काही होत नाही’ असा निष्कर्ष काढून तो खाते बंद करतो. वस्तुतः ओळखीचे दार त्याच्यासाठी उघडेच होते. आत शिरण्याची पद्धत तेवढी चुकली.

कमी परिचयाचा मोठा उपयोग

या संकेतस्थळांमध्ये सर्वांत मोठे नाव लिंक्डइनचे. मे २००३ मध्ये ते अमेरिकेत सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतले. भारतातील त्याच्या सदस्यांनी २०२३ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी जगभरातील सदस्यसंख्या १०० कोटींवर गेली. एकेकाळी तरुणाईच्या गळ्यातील ताईत असलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडले. परंतु केवळ कामधंद्याच्या ओळखींसाठी असलेले हे स्थळ टिकले आणि वाढले. याचे कारण नोकरी मिळण्याच्या मूळ प्रक्रियेतच दडलेले आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले, की ज्याच्यामुळे नोकरी मिळाली, त्या व्यक्तीची आणि तुमची गाठ किती वेळा पडत असे? वारंवार भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळलेले २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा जेमतेम परिचयाचा माणूस अधिक उपयोगी ठरला. कारण उघड आहे. रोजच्या मित्राला जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या वर्तुळातून. लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक सदस्यांच्या पाच वर्षांतील माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातही अतिनिकटच्या ओळखींपेक्षा मध्यम-विरळ ओळखीच नोकरी बदलताना अधिक कामी येतात, असे आढळले.

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातील तरुणासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. त्याचे जवळचे वर्तुळ कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शेतीत, लहानसहान दुकानदारीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असते. पुण्याच्या कारखान्यात कोणती जागा निघणार, याची वार्ता त्या वर्तुळात पोहोचत नाही. शहरातील मुलाला काका, मामा, शेजारी यांच्याकडून जे सहज कानावर पडते, ते याला मुद्दाम मिळवावे लागते. म्हणूनच विरळ ओळख जोडण्याचे शिष्टाचार हा त्याच्यासाठी केवळ सभ्यतेचा विषय नसून पोटापाण्याचा विषय आहे.

आधी आपली पाटी स्वच्छ असावी

कुणाच्या घरी जाण्यापूर्वी आपण नीटनेटके होतो. ऑनलाइन परिचयपानाचेही तसेच. छायाचित्र लग्नाच्या मांडवातील किंवा मित्रांच्या घोळक्यातील नसावे. चेहरा स्पष्ट दिसणारे साधे चित्र पुरे. नाव पूर्ण असावे. नावाखालच्या ओळीत ‘नोकरीच्या शोधात’ एवढेच न लिहिता आपल्याला काय येते ते लिहावे. ‘यंत्र अभियांत्रिकी पदवीधर, आरेखनाचे काम येते’ ही ओळ वाचणाऱ्याला काहीतरी सांगते. नुसती नोकरीची हाक काहीच सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे असत्य लिहू नये. महाविद्यालयातील मंडळाचा सचिव असलेल्याने स्वतःस संस्थापक-संचालक म्हणवून घेतले, तर मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला फजिती ठरलेली. एखादा विषय राहिला असेल, मधले वर्ष घरच्या शेतीत गेले असेल, तर ते तसेच सांगावे. हंगामात मजूर लावणे, बाजार समितीत माल नेणे, हिशेब ठेवणे हाही अनुभवच आहे. आपले गाव लपवण्याचे तर काहीच कारण नाही. ‘नांदगाव खंडेश्वर’ हे नाव वाचून पुण्यात बसलेला एखादा वऱ्हाडी माणूस क्षणभर थबकतो आणि पुढचे वाचतो. हा लाभ कोणत्याही भपकेबाज विशेषणाने मिळत नाही.

निमंत्रण : दोन ओळींचे पत्र

पूर्वी पत्रात मायना असे, क्षेमकुशल असे आणि मग मजकूर. अनोळखी व्यक्तीस लिहिताना ‘मी अमक्यांचा अमका, आपला पत्ता तमक्यांकडून मिळाला’ हे प्रारंभीच सांगण्याचा प्रघात होता. ऑनलाइन निमंत्रणासोबत चिठ्ठी जोडण्याची सोय असते. जागा जेमतेम दोन-तीन वाक्यांची. तेवढ्यात तीन गोष्टी बसवाव्यात : मी कोण, आपल्यापर्यंत कसा पोहोचलो आणि आपल्याशीच ओळख का हवी.

उदाहरणार्थ : ‘नमस्कार. मी नांदगाव खंडेश्वरचा, अमरावतीत यंत्र अभियांत्रिकी शिकलो. गुणवत्ता तपासणीवरील आपला लेख वाचला. याच कामात मला शिरायचे आहे. आपल्या परिचयात राहायला आवडेल.’ यात नोकरीची मागणी नाही, लाचारी नाही आणि खोटी स्तुतीही नाही. लेख खरोखर वाचला आहे, हे मात्र आवश्यक. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून असे मजकूर क्षणात लिहून मिळतात. परंतु ज्यांच्याकडे रोज वीस निमंत्रणे येतात, त्यांना त्या वीसांतील एकसारखी गुळगुळीत वाक्ये चटकन ओळखू येतात. मोडके पण स्वतःचे वाक्य त्याहून बरे.

भाषेचाही प्रश्न येतो. समोरची व्यक्ती मराठी आहे हे ठाऊक असेल तर मराठीत लिहिण्यास हरकत नाही. मात्र संबोधन ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ असावे. वयाने लहान वाटणाऱ्या अधिकाऱ्यासही पहिल्याच पत्रात ‘तू’ किंवा ‘भाऊ’ म्हणू नये. गावात ‘भाऊ’ हा मान असतो. कार्यालयात तो सलगी ठरू शकतो.

निमंत्रण स्वीकारले गेले नाही, तर पुन्हापुन्हा धाडू नये. मौन हेही एक उत्तरच असते. आपल्या फोनमधील किंवा ई-मेलमधील सगळे पत्ते संकेतस्थळाच्या हवाली करून सरसकट आमंत्रणे पाठवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. लिंक्डइन अशा आमंत्रणांमागोमाग सदस्याच्या नावाने स्मरणपत्रेही पाठवत असे. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१५ मध्ये कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला. आपल्या नावाने कुणाच्या दारावर किती वेळा थाप पडते आहे, याची जबाबदारी शेवटी आपलीच.

मागावे काय आणि कसे?

ओळख झाल्याबरोबर बायोडेटा पुढे करणे म्हणजे चहा येण्यापूर्वीच उसने पैसे मागण्यासारखे आहे. अनोळखी माणूस नोकरी देऊ शकत नाही. माहिती मात्र आनंदाने देतो. ‘या कामासाठी कोणते प्रशिक्षण उपयोगी पडेल?’, ‘नवख्या उमेदवाराच्या मुलाखतीत काय पाहिले जाते?’ असा एकच नेमका प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर पाच मिनिटांत देता आले पाहिजे. ‘करिअरविषयी मार्गदर्शन करा’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला पाच दिवसही अपुरे पडतील. म्हणून ते कुणी देत नाही.

संकेतस्थळावरील ओळख म्हणजे फोन करण्याचा परवाना नव्हे. क्रमांक दिसत असला, तरी विचारल्याखेरीज फोन किंवा व्हॉट्सॲप करू नये. स्त्रियांच्या बाबतीत हे भान दुप्पट हवे. छायाचित्राची प्रशंसा, घरच्या चौकश्या, रात्री उशिराचे ‘हाय’ यांना तेथे स्थान नाही. ते वधू-वर सूचक मंडळ नव्हे. त्या स्त्रीच्या दृष्टीने ते तिचे कार्यालय आहे आणि कार्यालयात जसे वागावे तसेच तेथे वागावे.

मदत मिळाली तर आभार मानावेत, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु त्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे कळवणारे फार थोडे. ‘आपण सुचवलेला अभ्यासक्रम पूर्ण केला’ ही दोन महिन्यांनी आलेली ओळ सल्ला देणाऱ्यास जो आनंद देते, त्याचे मोल मोठे आहे. विरळ ओळख टिकते ती अशा ओळींवर.

ओळख आणि वशिला

आपल्याकडे ‘ओळख’ या शब्दाला ‘वशिला’ कायमचा चिकटला आहे. त्यामुळे सरळमार्गी तरुण ओळख काढण्यासच संकोचतात आणि बेरकी तरुण ओळखीकडून भलतीच अपेक्षा ठेवतात. दोन्हींत स्पष्ट फरक आहे. जागा निघाल्याची बातमी सांगणे, उमेदवाराचे खरे गुण योग्य माणसाच्या कानावर घालणे ही ओळख. पात्रता नसताना दुसऱ्याला डावलून आत घुसवणे हा वशिला. ओळखीमुळे दार दाखवले जाते. परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते.

म्हणून ज्याचे काम आपण पाहिलेले नाही, त्याच्या कौशल्याला परिचयपानावर ‘शिफारस’ देऊ नये आणि तशी मागूही नये. ‘तू मला दे, मी तुला देतो’ हा व्यवहार दोघांचीही पत घालवतो. आडनाव पाहून जात हुडकणे आणि तीवरून जवळीक किंवा दुरावा ठरवणे ही तर जुन्या वशिल्याचीच नवी आवृत्ती. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, ते निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे म्हणून. वऱ्हाडाला ओळखीचे हे मोठे वर्तुळ नवे नाही. ते लहान करण्याची बुद्धी तेवढी होऊ नये.

पाहुणा दारी आल्यावर

शिष्टाचार एकतर्फी नसतो. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकजण आज चांगल्या पदांवर असतील आणि त्यांच्याकडे अशी निमंत्रणे येत असतील. सर्वांना नोकरी लावणे कुणालाच शक्य नाही. परंतु ‘सध्या आमच्याकडे जागा नाही, मात्र अमुक गोष्ट शिकून घ्या’ एवढे लिहिण्यास एक मिनिट लागते. ‘बघू’, ‘कळवतो’ अशी पोकळ आशा लावण्यापेक्षा स्वच्छ नकार अधिक दयाळू असतो. कारण त्या ‘बघू’वर विसंबून कुणीतरी तिकडे दुसरी संधी सोडत असतो. कुणाचा बायोडेटा पुढे पाठवायचा असेल, तर त्याला विचारून पाठवावा. दोन व्यक्तींची गाठ घालून द्यायची असेल, तर दोघांचीही संमती आधी घ्यावी.

भलेपणा आणि भोळेपणा

शेवटी एक इशारा. नोकरीसाठी आसुसलेला माणूस हेच भामट्यांचे पहिले सावज. नामांकित कंपनीच्या नावाने परिचयपान तयार करायचे, गोड बोलायचे, नेमणूकपत्र धाडायचे आणि मग ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ किंवा ‘अनामत’ म्हणून पैसे मागायचे, ही त्यांची रीत. खरा मालक कामाचे पैसे देतो, मागत नाही. पैशाची मागणी आली, बँकेचा तपशील किंवा ओटीपी विचारला गेला, की संवाद तेथेच थांबवावा. मुलाखतीविना आलेले नेमणूकपत्र कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर पडताळून घ्यावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर कळवावे. जितकी तत्परता अधिक, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. सभ्यपणे वागणे म्हणजे कुणाच्याही मागणीस मान तुकवणे नव्हे.

समृद्धी महामार्ग आता नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो आणि मुंबईची वाट पूर्वीपेक्षा जवळची झाली आहे. पण रस्ता जवळ आला म्हणून त्या शहरातील माणूस आपोआप जवळ येत नाही. त्यासाठी एस.टी.तील त्या सहप्रवाशाचीच जुनी रीत उपयोगी पडते : आधी आपले गाव सांगावे, मग समोरच्याचे विचारावे आणि कामाची घाई करू नये.