राखीव खेळाडू ते शाळेचे डॉक्टर : मूनलाइट ग्रॅहम



शाळेच्या संघात अकरा जण खेळतात आणि चार-पाच जण बाहेर बसून राहतात. त्या बसलेल्या मुलांना सांगण्यासारखी ही एक खरी गोष्ट आहे.

आर्चिबाल्ड ग्रॅहम हा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला बेसबॉलपटू. टोपणनाव ‘मूनलाइट’, म्हणजे चांदणं. १९०५ साली न्यूयॉर्क जायंट्स या नामांकित संघाने त्याला राखीव आउटफिल्डर म्हणून घेतलं. आपल्या क्रिकेटमध्ये जसे सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षक असतात, तसे बेसबॉलमध्ये आउटफिल्डर. मैदानात ते तिघेच असतात. त्यामुळे राखीव खेळाडूला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते.

२९ जून १९०५. ब्रुकलिनविरुद्धचा सामना जायंट्सनी जवळजवळ जिंकलेलाच होता. शेवटी शेवटी ग्रॅहमला उजव्या बाजूला उभं केलं. मग संघाची फलंदाजी आली. पुढचा नंबर ग्रॅहमचाच! पण त्याच्या आधीचा खेळाडू झेलबाद झाला, तिसरा गडी पडला आणि डाव संपला. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो. त्या सर्वोच्च पातळीवर ग्रॅहम पुन्हा कधीच खेळला नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे काय आहे? सामने १, फलंदाजी ०.

पण पठ्ठ्याने दुसरी बाजूही भक्कम ठेवली होती. खेळता खेळता त्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलं. १९०९ मध्ये तो मिनेसोटातल्या चिझम या लोखंडाच्या खाणींच्या गावी गेला आणि तिथलाच झाला. पुढे चाळीसहून जास्त वर्षं डॉ. ग्रॅहम तिथल्या शाळांचे डॉक्टर होते. खाणकामगारांच्या मुलांचे डोळे तपासायचे, चष्मे मिळवून द्यायचे. वर्षानुवर्षं मुलांचा रक्तदाब मोजून त्यांनी केलेला अभ्यास १९४५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९६५ मध्ये ते वारले. नंतर कादंबरीत आणि १९८९ च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ चित्रपटात ते जगाला भेटले.

आपल्याशी जोडणारा एक धागाही आहे. त्यांचे धाकटे भाऊ फ्रँक ग्रॅहम हे १९५१ पासून काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी होते.

वर्गात ही गोष्ट सांगून झाली की मुलांना एवढंच विचारा : ‘फलंदाजी ०’ ही नोंद खरी आहे, पण तेवढ्यावरून हा माणूस कळतो का? आणि मग आपण प्रगतिपुस्तक हातात घेतो तेव्हा हाच प्रश्न स्वतःलाही विचारूया.