चुंगशान नौकेची कथा

इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, बुडालेलें जहाज इतक्या वर्षांनीं वर काढून कोणाला काय मिळतें?" घंटा झाल्यामुळें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें पुरें करीत आहों.

चीन देशांत यांगत्से नदीच्या कांठीं वुहान हें मोठें शहर आहे. त्याच्या हद्दींतील जिनकौ येथें एका पदार्थसंग्रहालयाच्या दालनांत एक सबंध युद्धनौका ठेविलेली आहे. लांबी सुमारें २०० फूट, रुंदी २९ फूट, वजन ७८० टन. आजच्या मोठ्या युद्धनौकांपुढें ती एखाद्या मचव्यासारखी दिसेल.

१९१० सालीं चीनच्या मांचू बादशाहीनें ही नौका जपानांत, नागासाकीच्या मित्सुबिशी कारखान्यांत, बांधावयास दिली. ती पाण्यांत उतरली १९१२ सालीं, आणि तोंपर्यंत बादशाहीच बुडाली होती! पुढील वर्षीं ती नव्या प्रजासत्ताकाच्या पदरीं आली. नांव होतें ‘युंगफेंग’.

त्या प्रजासत्ताकाचे जनक डॉ. सन्-यत्-सेन हे होनोलुलु येथील मिशन शाळेंत शिकलेले, आणि १८८४ सालीं हाँगकाँग येथें बाप्तिस्मा घेतलेले. १६ जून १९२२ रोजीं कँटन शहरीं त्यांच्याच पक्षाचे सेनापति चेन च्युंगमिंग यांच्या सैन्यानें बंड करून त्यांच्या निवासस्थानावर हल्ला केला. पत्नी सुंग चिंगलिंग यांनीं पतीस आधीं जाण्याचा आग्रह केला व आपण मागें राहिल्या. डॉक्टर अंधारांत निसटून नदींतील आरमाराच्या आश्रयास गेले, आणि लौकरच त्यांनीं युंगफेंगवर मुक्काम केला. ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक दिवस, त्यांचें घर व कचेरी पाण्यावरच होती. कँटनचा तो उन्हाळा, लोखंडी भिंती आणि कांठावर शत्रूच्या तोफा! अशा ठिकाणीं माणूस हिंमत कशी धरतो, हें आमच्या मतें पाठ्यपुस्तकांतील सनावळीपेक्षां अधिक शिकण्याजोगें आहे.

१९२५ च्या मार्चमध्यें डॉक्टर निवर्तले. पुढच्याच महिन्यांत नौकेस ‘चुंगशान’ हें त्यांचें लोकप्रिय नांव देण्यांत आलें. १९२६ सालीं तिच्या हालचालींवरून संशय घेऊन च्यांग कै-शेक यांनीं तिच्या कप्तानास अटक केली व मोठें राजकारण झालें. तें प्रकरण लांबीचें, म्हणून येथें सोडून देतों.

नौकेचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. १९३८ सालीं जपानी फौजा वुहानवर चालून आल्या. किनाऱ्याच्या संरक्षणासाठीं नौकेवरील कांहीं तोफा आधींच उतरवून नेल्या होत्या. २४ ऑक्टोबर रोजीं जिनकौजवळ जपानी विमानांनीं तिला गांठलें. कप्तान सा शीच्युन पायांस जबर जखम होऊनही नौका सोडण्यास तयार नव्हते. त्यांच्यासह २५ जण कामास आले आणि नौका तळाशीं गेली. ज्या देशानें बांधली त्यानेंच बुडविली, हा दैवाचा खेळ कीं माणसांचा, तें वाचकांनीं ठरवावें. दुसऱ्याच दिवशीं शत्रूनें हान्कौ भागांत पाऊल टाकलें.

याच हान्कौंत थोडे आठवडे आधीं आपल्याकडील माणसें जखमींची शुश्रूषा करीत होतीं, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. सप्टेंबर १९३८ मध्यें राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक मुंबईहून चीनला धाडलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आलेच नाहींत. १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच त्यांनीं देह ठेविला.

नौका ५८ वर्षांहून अधिक काळ नदीच्या गाळांत होती. २८ जानेवारी १९९७ रोजीं ती वर काढली, आणि तिच्या पोटांतून हजारों वस्तू निघाल्या. मग तिची दुरुस्ती करून तिला १९२५ चें रूप दिलें. २०११ सालीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. लोखंडाच्या भावानें हिशेब केला, तर आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें खोटें नाहीं. एवढ्या खर्चांत नवी नौका झाली असती. पण नव्या नौकेवर डॉ. सन् कधीं राहिले नसते आणि सा शीच्युन पडले नसते. त्या २५ जणांचें स्मारक संग्रहालयाजवळच, नदीकांठीं, उभें आहे.