इंजिन जागचें कां हलत नाहीं?

माळ्यावरच्या जुन्या पेटाऱ्यांतून खेळण्यांतली आगगाडी खालीं काढावी, दिवाणखान्यांत रुळांचें कडें जुळवावें, मुलांनीं भोंवतीं फेर धरून बसावें आणि कळ फिरवितांच इंजिनानें जागचें हलूंहि नये, असा प्रसंग ज्या घरीं घडला असेल, तेथील वडिलांची त्या क्षणींची मनःस्थिति वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. मुलांच्या दृष्टीनें तो प्रश्न इंजिनाचा राहत नाहीं. वडिलांच्या ज्ञानाचा होतो. मग हटकून घडणारी गोष्ट म्हणजे कळ शेवटापर्यंत फिरविली जाते आणि इंजिनाला मागून बोटानें रेटा दिला जातो. वस्तुतः पेटाऱ्यांतून निघालेलीं पुष्कळ इंजिनें किरकोळ कारणानें अडलेलीं असतात. तीं खरोखर बिघडतात तीं या पहिल्या पांच मिनिटांत. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा विद्युद्दाब निर्माण करून येणाऱ्या प्रवाहास आवर घालीत असते. अडकलेल्या मोटरीला हा आवर नसतो. तिच्यांतून कितीतरी अधिक प्रवाह वाहतो, वेटोळें तापतें, तारेवरचें वार्निश करपतें, आणि जें काम चिमूटभर कापसानें झालें असतें त्यासाठीं नवी मोटर शोधण्याची पाळी येते. जुन्या इंजिनाची मोटर पुष्कळदां मिळतहि नाहीं.

पूर्वींच्या खेळण्यांत ही अडचण नव्हती. जर्मनींतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन यांनीं १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत रुळांसह आगगाडीचा संच मांडला, तो किल्लीचा होता. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यानें १९२० सालीं काढलेल्या गाड्याहि किल्लीच्याच. किल्लीच्या गाडीची स्प्रिंग तुटली तर तें हाताला तत्काळ कळतें. पुढें १९३८ सालीं त्याच कारखान्यानें हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची, १२ व्होल्टवर चालणारी गाडी बाजारांत आणली. या मापाच्या दोन रुळांतलें अंतर १६.५ मिलिमीटर असतें. भारतीय रेल्वेचा रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे त्याच्या सुमारें शंभर पट. एवढ्याशा चाकाखालीं केसभर मळ साचला तरी गाडी अडते, आणि वीज दृष्टीस पडत नसल्यामुळें ती कोठें अडली हें तर्कानेंच शोधावें लागतें.

तर्काचा मार्ग मात्र सरळ आहे. दोन रुळांच्या पद्धतींत प्रवाह एका रुळांतून त्या बाजूच्या चाकांत चढतो, चाकाच्या पाठीला घासणाऱ्या पातळ पट्टीवरून मोटरींत जातो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळांत उतरतो. या वाटेचे दोन भाग करावे: इंजिनाच्या बाहेरचा आणि इंजिनाच्या आंतला. दोष कोणत्या भागांत आहे हें ठरल्याशिवाय स्क्रूला हात लावूं नये. दुसरें चालू इंजिन घरांत असेल तर तें त्याच रुळांवर ठेवून पाहिल्यानें अर्धें काम क्षणांत होतें.

तें नसेल तर १२ व्होल्ट, ५ वॅटचा मोटारीचा लहान दिवा घ्यावा आणि त्याच्या दोन तारा दोन रुळांना लावाव्या. येथें पुष्कळ जण विद्युन्मापक वापरतात आणि फसतात. मापक जवळजवळ कांहींच प्रवाह ओढीत नाहीं. त्यामुळें एखादा सांधा गंजून अगदीं नांवापुरता चिकटलेला असला तरी कांटा खुशाल १२ व्होल्ट दाखवितो. दिव्याला खरा प्रवाह लागतो. तो मंद जळला कीं वाटेंत कोठें तरी अडथळा आहे हें निश्चित. दिवा घेऊन कड्याभोंवतीं फिरावें. ज्या जोडपट्टीच्या पलीकडे प्रकाश एकदम उतरतो, ती पट्टी चिमट्यानें किंचित् आवळावी. सांधा बदलण्याची जागा असेल तर तीहि पाहावी, कारण कित्येक सांधे ज्या दिशेला वळविलेले असतात त्याच दिशेला वीज देतात. गाडी उभी असलेला फांटा त्या वेळीं मुद्दामच मृत ठेवलेला असतो. आणि दिवा कोठेंच लागत नसेल तर रुळांवर आडवें पडलेलें नाणें, टांचणी किंवा घसरलेल्या डब्याचें चाक आहे काय हें अगोदर पाहावें. अशा वेळीं नियंत्रक स्वतःला वांचविण्यासाठीं प्रवाह तोडतो, आणि तो बिघडला असा नाहक आळ त्याच्यावर येतो.

नियंत्रकाविषयीं एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. रुळांवरचे १२ व्होल्ट निरुपद्रवी आहेत. पण नियंत्रकाच्या पेटीच्या आंत भिंतींतले २३० व्होल्ट आलेले असतात. आजोबांच्या काळच्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीवरील रबर वाळून भुगा होत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर मुलांच्या हातीं देऊं नये, आणि घरच्या घरीं उघडूंहि नये. तें काम जाणत्या वायरमनचें आहे. इंजिन जुनें ठेवून नियंत्रक नवा घेणें हेंच शहाणपणाचें. मात्र नवा नियंत्रक इंजिनाच्या जातीचा असावा. एकदिश प्रवाहाचें चुंबकी इंजिन उलटसुलट प्रवाहावर ठेवलें तर तें गुणगुणतें, थरथरतें, तापतें आणि जागचें हलत नाहीं. अंकीय पद्धतीच्या रुळांवर, जेथें प्रत्येक इंजिनाला क्रमांकानें हांक मारावी लागते, साधें इंजिन असेंच गुणगुणत करपूं शकतें. अंकीय इंजिन नुसतें मुकें असेल तर त्याचा क्रमांक चुकला असण्याचा संभव अधिक. कारखान्यांतून येतांना तो बहुधा ३ असतो.

रुळांचा मळ हें सर्वांत मोठें कारण. पोलादी रुळांवर मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत तांबेरा चढतो. जर्मन सिल्व्हरचे रूळ, ज्यांत चांदीचा अंशहि नसून तांबें, निकेल व जस्त असतें, ते पुष्कळ बरे. पण तेल आणि धूळ यांचा काळा थर कोणत्याहि रुळावर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलावलेल्या सुती कपड्यानें तो निघतो; हें करतांना वीज बंद असावी आणि खिडकी उघडी. पॉलिशकागद वापरण्याचा मोह मात्र टाळावा. त्यानें रूळ क्षणभर लखलखतो खरा, पण पडलेल्या चरांत मळ दुप्पट वेगानें साचतो, आणि सुटलेली धातूची भुकटी मोटरींतल्या चुंबकाला जाऊन चिकटते.

रूळ निर्दोष ठरले तर इंजिन उलथें करून मऊ कापडाच्या घडीवर निजवावें आणि नियंत्रकाच्या दोन तारा समोरासमोरच्या चाकांना टेंकवाव्या. मोटर फिरली तर दोष केवळ चाकांच्या कडेवरील काळ्या कड्याचा. तीं त्याच अल्कोहोलनें पुसावीं. एखाद्या चाकाला रबरी धांव असेल तर त्यांतून वीज जात नाहीं, त्याला तार टेंकवून निराश होऊं नये. चाकांवरून फिरत नाहीं पण सरळ मोटरीच्या टोकांना तारा लावतांच फिरते, असें झालें तर पाठीला घासणारी पट्टी चाकापासून दूर वाकली आहे. ती हलक्या हातानें परत आणावी. फार दाबली तर तीच ब्रेकचें काम करते.

मोटर मुळींच फिरत नसेल तेव्हां कार्बनचे दोन ब्रश पाहावे. ते झिजून आंखूड झालेले असतात, किंवा त्यांची स्प्रिंग उन्हाळ्या-पावसाळ्यांत थकलेली असते. ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्युटेटरच्या तुकड्यांमधील फटींत कार्बनची भुकटी भरते आणि वीज मोटरींत न शिरतां तिथल्या तिथें परतते. लांकडी दातकोरण्यानें त्या फटी साफ कराव्या, सुईनें नव्हे. पण आर्मेचर बाहेर ओढून काढण्याची हौस जुन्या इंजिनाच्या बाबतींत आवरावी. अॅल्निको धातूच्या चुंबकांमधून आर्मेचर काढलें कीं त्यांचें बळ कांहीं अंशीं कायमचें घटतें, आणि परत जुळविलेलें इंजिन पूर्वींपेक्षां अशक्त होतें.

मोटर फिरते आणि चाकें फिरत नाहींत, ही तक्रार वेगळी. वर्षानुवर्षें पडून राहिलेलें तेल लाखेसारखें घट्ट होतें. त्यांतून कोणी प्रेमानें खोबरेल घातलेलें असेल तर विचारूंच नये. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, म्हणजे पुण्याच्या साध्या हिवाळ्यांतहि इंजिन गारठून बसणार. जुनें तेल पुसून काढावें आणि प्लॅस्टिकला न खाणारें हलकें तेल सुईच्या टोकावर येईल तेवढेंच प्रत्येक आंसाला द्यावें. रंगाचें थिनर वापरूं नये. प्लॅस्टिकची टपें त्यांत विरघळतात. गालिच्यावर गाडी चालविणाऱ्या घरांत आंसाभोंवतीं केंस आणि लोकरीचे धागे गुंडाळलेले सांपडतात, ते चिमट्यानें ओढून काढले कीं अनेकदां सर्व रोग संपतो. दांतेचाक आंसावर चिरलेलें असेल तर मात्र तें बदललेंच पाहिजे.

वाफेच्या इंजिनाच्या नमुन्यांत आणखी एक सूक्ष्म दोष आढळतो. एका बाजूच्या चाकांचे जोडदांडे दुसऱ्या बाजूच्या दांड्यांशीं काटकोनांत असावे लागतात. इंजिन खालीं पडून एखादें चाक आंसावर किंचित् जरी फिरलें, तरी हा मेळ बिघडतो आणि प्रत्येक फेऱ्यांत त्याच जागीं चाकें आवळलीं जातात. रेटून फिरविल्यास दांडा वांकतो. हें चाक बसविण्यास सांचा लागतो, म्हणून असें इंजिन अनुभवी माणसाकडे न्यावें. हौशी मंडळींना खऱ्या अर्थानें चालणाऱ्या लहान गाड्या जवळून पाहावयाच्या असतील तर पुण्यास १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे.

एका दोषावर इलाज नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कित्येक नमुन्यांच्या जस्ताच्या ओतींव भागांत शिशाचा अंश मिसळला होता. असे भाग आंतून फुगतात, तडकतात आणि बोटांत भुगा होतात. चौकटीवर बारीक भेगांचें जाळें दिसलें तर तिला स्क्रू आवळूं नये, तेल देऊं नये, चालवूंहि नये. इंजिन कांचेच्या कपाटांत ठेवावें.

बाकीचीं इंजिनें दुरुस्त झाल्यावर प्रथम डबे न जोडतां, कळ अर्ध्याच्या आंत ठेवून, पंधरा मिनिटें पुढें आणि पंधरा मिनिटें मागें चालवावीं, आणि मधून मधून टपाला हात लावून पाहावा. तें कोमट लागलें तर ठीक. चटका बसला तर वीज तोडून पुन्हा आंसांपासून तपास सुरू करावा. मुलांना बोलवावयाचें तें त्यानंतर.