मॅडम, जुन्याच फायली होत्या!

शोधयंत्राच्या पोटात : भाग ७

तळोजा फेज-१ मध्ये राहायला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात माझे चांदीचे पैंजण काळे पडले. ड्रेसिंग टेबलावर उघडेच राहिले होते. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "इथं चांदी डबीतच ठेवायची गं, हवाच तशी आहे." एमआयडीसीच्या बाजूने वारा फिरला की मध्यरात्री जो उग्र दर्प येतो, त्याबद्दल इकडे पेंधरपासून खारघरपर्यंत सगळेच कुरकुरतात. चांदीला काळं करतो तो हवेतला गंधक.

तीच हवा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरच्या खोलीतही शिरते. तिथल्या रॅकवर आमच्या इलास्टिकसर्च या शोधयंत्राच्या क्लस्टरचे तिन्ही नोड, म्हणजे एकत्र काम करणारे तीन सर्व्हर, एकाखाली एक बसले आहेत. बॅच शीट, रसायनांची सुरक्षापत्रकं, शिफ्ट इन्चार्जनी मराठीत लिहिलेल्या नोंदी, असा सगळा कागद त्यात शोधता येतो. सर्व्हरच्या बोर्डावरही तांबं आणि चांदी असते. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली, त्यानंतर बऱ्याच बोर्डांवर चांदीचा मुलामा आला आणि औद्योगिक भागांत बोर्ड गंजण्याच्या तक्रारी वाढल्या. खोलीची हवा सुरक्षित म्हणायची तर तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त गंजाचा थर चढता कामा नये, असा दंडक आहे. माझ्या पैंजणांवर तो मोजला असता तर काय निघालं असतं, देव जाणे.

मागच्या आठवड्यात आपण शार्ड आणि रेप्लिका पाहिल्या. शार्ड म्हणजे इंडेक्सचा, शोधसूचीचा, एक तुकडा; त्याची मूळ प्रत एका नोडवर, जोडीची प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्यावर. एक नोड बसला तरी शोध चालू राहतो. त्यावर जो प्रश्न येणार होता तो आलाच: प्रती आहेत, मग बॅकअप कशाला?

एक तर तिन्ही नोड एकाच हवेत श्वास घेतात. एकच एसी, एकच यूपीएस, एकाच फीडरची वीज. पण ते बाजूला ठेवू. रेप्लिका आज्ञाधारक असते, हा तिचा खरा दोष. मूळ शार्डवर जे होतं ते ती तत्परतेने आपल्यावर करून घेते, पुसण्याची आज्ञासुद्धा. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे ठेवलेले हजारो इलास्टिकसर्च सर्व्हर चोरांनी रिकामे केले आणि आत बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली. जुलै २०२० मध्ये 'म्यांव' नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात चिठ्ठीही नव्हती, नुसतं पुसणं. त्यातल्या कितीही जणांकडे रेप्लिका असल्या तरी उपयोग शून्य. इंडेक्स पुसला की त्याच्या सगळ्या प्रती एकदमच जातात.

डेटाची फोल्डरं रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवली तर? चालत नाही. क्लस्टर चालू असताना आतल्या फायली सतत बदलत असतात; तीन नोडांवरून तीन वेगवेगळ्या क्षणी उचललेले तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तसा बॅकअप उभा राहिलाच तर नशीब, आणि मुकाट्याने अर्धवट उभा राहिला तर दुर्दैव. म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून इलास्टिकसर्चमध्येच स्नॅपशॉटची, म्हणजे आतून जुळणाऱ्या बॅकअपची, सोय आहे. इलास्टिकसर्चमधून २०२१ मध्ये फुटून निघालेल्या ओपनसर्चमध्येही ती तशीच आहे.

स्नॅपशॉट कसा काम करतो हे कळायला आधी सेगमेंट कळायला हवा. शार्डच्या आत ल्युसीन या शोधप्रणालीची शब्दसूची असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी: अमुक शब्द, अमुक पानं. ही सूची एकसंध नसते, लहानमोठ्या तुकड्यांत असते. या तुकड्याला सेगमेंट म्हणतात, आणि एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा बदलत नाही. पनवेल तालुक्यात सातबारा न पाहिलेला माणूस विरळा. सिडकोच्या भूसंपादनाने ती सवय घरोघरी लावली. हाताने लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव खोडून त्यावर नवं लिहीत नसत. जुन्या नावाला कंस व्हायचा आणि नवं नाव फेरफार क्रमांकासह खाली यायचं. सेगमेंटचंही तेच. दस्तऐवज काढला की त्याला 'काढला' अशी खूण होते, बदलला की जुन्याला खूण आणि नवा दुसऱ्या सेगमेंटमध्ये. अधूनमधून लहान सेगमेंट एकत्र करून मोठा नवा लिहिला जातो, तेव्हा कंस झालेले खरोखर गळतात.

न बदलणारी फाईल एकदा कॉपी केली की पुन्हा करायला नको. म्हणून पहिला स्नॅपशॉट पूर्ण असतो आणि पुढचे फक्त नव्या सेगमेंटचे. आमच्याकडे पहिल्या रात्री बराच वेळ गेला, दुसऱ्या रात्री काही मिनिटांत काम झालं. मात्र मधेच कुणी जोर लावून सगळे सेगमेंट एकत्र केले, तर तयार होतो तो नवा, भलामोठा सेगमेंट. त्या रात्री पुन्हा सगळी वाहतूक. मूळ शार्डच तेवढे कॉपी होतात, रेप्लिका नाहीत. त्या नंतर केव्हाही तयार करता येतात.

स्नॅपशॉट ठेवायच्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. ती शेअर केलेली डिस्क असू शकते, ॲमेझॉन किंवा गुगलची क्लाउड साठवण असू शकते. आमची होती एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर, तिन्ही नोडांना एकाच नावाने जोडलेल्या. वेळापत्रकही इलास्टिकसर्चच सांभाळतो. मी रात्री दीडची वेळ लिहिली आणि स्नॅपशॉट सकाळी सातला निघू लागले, नेमकी पहिली शिफ्ट आत येते तेव्हा. दोन दिवस डोकं खाजवलं. वेळापत्रक ग्रीनिचच्या घड्याळाने चालतं. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे.

हे सगळं सुरळीत लागलं. रोज सकाळी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी'. रिपॉझिटरी तपासायची आज्ञा दिली की तीही म्हणायची, सर्व नोडांना लिहिता-वाचता येतं आहे. वर्षभर असं चाललं.

मग एका शनिवारी, निव्वळ कुतूहलाने, भांडारात पडलेलं एक जुनं मशीन मांडलं आणि कालचा स्नॅपशॉट त्यावर रिस्टोअर करायला घेतला.

पहिला नकार सुरू व्हायच्या आधीच आला. समानार्थी शब्दांची यादी सापडत नाही म्हणे. इलास्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी शब्दांची रूपं ओळखणारा तयार विश्लेषक मिळतो, मराठीसाठी नाही. 'टाकी' शोधलं तर 'टाकीत', 'टाक्यांचा' सापडत नाहीत. म्हणून मी हातानेच यादी केली होती: टाकी-टाकीत-टाक्या, कॉस्टिक-कॉस्टिक सोडा-सोडियम हायड्रॉक्साइड, गंधकाम्ल-सल्फ्युरिक ॲसिड. दोनेकशे ओळी, शिफ्ट इन्चार्जना चहा पाजून गोळा केलेल्या. ही यादी प्रत्येक नोडच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये होती. स्नॅपशॉटमध्ये इंडेक्स येतो, त्याची रचना येते, हवं तर क्लस्टरची सेटिंगंही येतात. नोडच्या कॉन्फिगमधल्या फायली आणि पासवर्डची तिजोरी येत नाही, देवनागरी अक्षरं सारखी करणारं आयसीयू प्लगइनही येत नाही. तीन नोड गेले असते तर यादीही गेली असती आणि चहा पुन्हा पाजावा लागला असता.

यादी नव्या मशीनवर नेली, प्लगइन बसवलं, रेप्लिकांची संख्या शून्य केली (एकट्या मशीनवर जोडीची प्रत ठेवणार कुठे?), पुन्हा आज्ञा दिली. या वेळी सुरू झालं. वेगाची ठरलेली मर्यादा नोडामागे सेकंदाला ४० एमबी, म्हणजे ३०० जीबीला दोन तासांहून थोडं जास्त. हा हिशोब आधी कागदावर करावा. साहेबांना "लगेच होईल" सांगणारे नंतर तोंड लपवतात. मी खाली कॅन्टीनला गेले.

परत आले तर काही शार्ड हिरवे, काही लाल. लाल असलेल्यांचं म्हणणं एकच: फाईल नाही.

नॅसची देखभाल दुसऱ्या कंत्राटदाराकडे होती. तिथल्या मुलाला बोलावलं. बिचारा प्रामाणिक. "मॅडम, डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली होती. मी तारखा बघूनच काढल्या. सहा महिन्यांआधीच्या, जुन्याच फायली होत्या!"

त्याचं चुकलं कुठे? साधी फोल्डरं असती तर काहीच चुकलं नसतं. रोजचा बॅकअप स्वतंत्र असता तर सहा महिन्यांपूर्वीचा गेल्याने कालच्याचं काही बिघडलं नसतं. इथे मात्र कालचा स्नॅपशॉट सहा महिन्यांपूर्वीच्या सेगमेंटवरच उभा होता, कारण ते बदलले नव्हते म्हणून पुन्हा कॉपी झाले नव्हते. सर्वांत जुनी फाईल हीच सर्वांत जास्त स्नॅपशॉटांनी धरलेली. त्याने माळ्यावरची अडगळ काढली असं त्याला वाटलं, आणि काढला होता पाया. जुने स्नॅपशॉट काढायचे तर इलास्टिकसर्चलाच सांगायचं. दुसऱ्या कोणत्याही स्नॅपशॉटला न लागणाऱ्या फायली तोच शोधून काढतो.

आणि रोजचं ते 'यशस्वी'? ते खोटं नव्हतं. नवे सेगमेंट यशस्वीपणे लिहिले गेले, एवढंच ते सांगत होतं. जुने अजून जागेवर आहेत का हे स्नॅपशॉट घेताना तपासलं जात नाही. यादीत नोंद आहे म्हणजे फाईल आहे, असं गृहीत धरलं जातं. रिपॉझिटरीची तपासणीही एक छोटी फाईल लिहून वाचून बघते, बस. आम्ही वाचलो ते मूळ क्लस्टर धडधाकट होता म्हणून. त्याच रात्री नवी रिपॉझिटरी, नवा पूर्ण स्नॅपशॉट.

नवी रिपॉझिटरी कुठे ठेवायची यावर बराच खल झाला. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावरची आग वर चढली, पाच जणांचा जीव गेला, वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. नंतर जिल्ह्याजिल्ह्यातून प्रती मागवून फायली पुन्हा बांधाव्या लागल्या. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमधलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. तेव्हा कारखान्यातलंच नॅस बाद. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, जवळ आणि स्वस्त वाटतो. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका दमात गेली होती, हे आमच्या इलेक्ट्रिकल विभागातले लोक विसरलेले नाहीत. शेवटी हैदराबाद ठरलं. तिथला विभाग २०२२ मध्ये सुरू झाला. आणि एक नियम: त्या रिपॉझिटरीत लिहिणारा क्लस्टर एकच. चाचणीचं जुनं मशीन तिला फक्त वाचण्यापुरतं जोडायचं, नाहीतर दोघे मिळून यादीचा घोळ घालतात.

रिस्टोअरबद्दल दोन गोष्टी राहिल्या. चालू इंडेक्सच्याच नावाने रिस्टोअर मागितलं तर इलास्टिकसर्च नाही म्हणतो. आधी तो बंद करा किंवा नव्याला दुसरं नाव द्या. मी नेहमी दुसरं नाव देते, मग दोन्हीकडे तोच शब्द शोधून आकडे ताडून बघता येतात. दुसरं आवृत्तीचं. सातव्या आवृत्तीत तयार झालेला इंडेक्स आठवीत उभा राहतो, नववीत जसाच्या तसा नाही; आणि नव्या आवृत्तीतला जुन्यात कधीच नाही. म्हणून पाच वर्षांपूर्वीचे स्नॅपशॉट जपून ठेवणाऱ्यांनी ते वाचू शकणारी आवृत्तीही जपावी.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भांडारातलं ते मशीन बाहेर येतं. यादीची फाईल, प्लगइनची नावं आणि पासवर्ड कुणाकडे आहे त्याची चिठ्ठी, हे सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये हैदराबादला जातं. मागच्या शनिवारी 'टाकी' शोधलं, दोन्हीकडे आकडा जुळला.

जुनं नॅस अजून दुसऱ्या कामाला आहे. त्यावर मी कागद चिकटवला होता: 'या फोल्डरमधली एकही फाईल हाताने काढू नये.' परवा बघितलं तर खाली बॉलपेनने, कंत्राटदाराच्या त्याच मुलाच्या अक्षरात, एक शब्द वाढला होता: 'जुनीसुद्धा.'