सैन्यातले गुरुजी : सुभेदार रामजी सकपाळ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची माहिती आपल्या सर्वांना आहे. १४ एप्रिलला आपण भाषणे करतो. पण बाबासाहेबांना अभ्यासाला कोणी बसवलं, हे भाषणात फारसं येत नाही. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे आधी शिपाई होते आणि नंतर मास्तर झाले. त्यांची माहिती मी येथे देत आहे.

रामजींचे मूळ गाव आंबडवे. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील मालोजी लष्करात होते. रामजींची पत्नी भीमाबाई या मुरबाडच्या. त्यांचे वडीलही लष्करात सुभेदार-मेजर होते. म्हणजे दोन्ही घरे शिपायांचीच.

आता कोणी विचारील, शिपाई माणूस मास्तर कसा झाला? त्याचं कारण असं आहे. त्या काळी गावातल्या शाळेत महार मुलांना घेत नसत. घेतलं तरी बाहेर बसवत. पण इंग्रजांच्या सैन्यात वेगळा नियम होता. शिपायांनी आणि त्यांच्या मुलांनी शिकलंच पाहिजे, असा तो नियम. मुलींनासुद्धा शिकवत. मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा असे. त्यामुळे गावात ज्यांना पाटी मिळत नव्हती त्यांना छावणीत पाटी मिळाली. छावणी म्हणजे सैन्याची राहण्याची जागा.

अशा शाळांना मास्तर लागत. ते तयार करण्यासाठी पुण्याला लष्कराची एक शाळा होती. रामजी तिथे शिकून मास्तर झाले. पुढे ते लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले आणि चौदा वर्षे ते काम केले. त्यांना सुभेदार-मेजर हा हुद्दा मिळाला. त्या वेळी पायदळात हिंदी शिपायाला याच्यापेक्षा वरचा हुद्दा मिळतच नसे.

मध्य प्रदेशात महू या गावी त्यांची पलटण असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. ते चौदावे अपत्य. त्यांपैकी बरीच मुलं लहानपणीच वारली.

पुढच्याच वर्षी, १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यात भरती बंद केली. नोकरी तर गेलीच, पण तिच्याबरोबर शाळेचं दारही लागलं. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे गेली. एवढ्या वर्षांत किती मुलं शिकायची राहिली असतील, याचा आपण विचार करावा.

रामजी पेन्शनीत निघाले. आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. तिथे भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा लहान होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले. म्हणून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

पुढे रामजींना खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर नोकरी लागली. तिथे तलाव खोदत होते. १९०१ साली त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भीमराव नऊ वर्षांचे होते, म्हणजे आपल्याएवढेच. मुलं नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पण येण्याचं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, म्हणून न्यायला कोणी आलं नाही. जात कळल्यावर बैलगाडीवाले गाडीत घेईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो स्वतः शेजारून चालत राहिला. बरोबर डबा होता, पण रस्त्यात प्यायला पाणी कोणी दिलं नाही. म्हणून मुलं उपाशीच झोपली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सुभेदाराच्या मुलांनासुद्धा पाणी मिळालं नाही, हे वाचून फार वाईट वाटतं.

रामजी कबीरपंथी होते. ते दारू पीत नसत, मांस खात नसत. घरात रोज भजन व्हायचं, मुलांकडून अभंग आणि दोहे म्हणून घ्यायचे. शिस्त कडक होती. नोकरी सुटली तरी ते घरातले मास्तर राहिलेच.

नंतर सगळे मुंबईला परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. त्यातच चूल, लाकडं आणि माणसं. मग अभ्यास कुठे करायचा? रामजींनी युक्ती केली. भीमरावांना ते लवकर झोपायला सांगत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवत आणि मग त्याच्या जागेवर आपण झोपत. भीमराव दिव्याच्या उजेडात वाचत बसत. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत. पेन्शन आली की सोडवून परत देत.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा लोकांना त्यांचा सत्कार करायचा होता. (ही चौथी आपली चौथी नव्हे, ती पुढची.) रामजी आधी नको म्हणाले. नुसती परीक्षाच पास झाला आहे, सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दादा केळूसकरांनी समजावल्यावर ते कबूल झाले. केळूसकरांनी त्या वेळी भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी भीमराव शिकायला अमेरिकेला गेले. ते बघायला वडील नव्हते. पुढे १९२३ साली बाबासाहेबांचं रुपयावरचं मोठं इंग्रजी पुस्तक निघालं. ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलं.

मला यावरून असं वाटतं, की मुलगा शिकतो तेव्हा घरात कोणीतरी जागं असतं. आपल्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांची जागा उन्हाळ्यापर्यंत रिकामी असते. हे वाचायला आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, की जमेल त्यांनी मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवावं, पण शाळा बुडवू नये. आणि आपण मुलांनी आलेल्या मित्राला मागचा धडा समजावून सांगावा. तेवढं मास्तर आपल्यालाही होता येतं.

— इयत्ता चौथी